बंद केलेला फ्रीझर: एका जुन्या शीतप्रक्रिया इमारतीच्या व्यवहाराचं प्रकरण

इमारत बघायला गेलो तेव्हा फ्रीझरच्या दाराखालून पाणी येत होतं. उंबऱ्यातून निघालेली बारीक धार पुढच्या बोळात साचली होती. दार उघडलं तर आत २६ अंश आणि ओल्या गोणपाटाचा वास. दोन महिन्यांपूर्वी याच खोलीत उणे २२ होतं.

विक्रेत्यांचे हिशेबनीस सोबत होते. पाण्यावरून उडी मारत ते म्हणाले, "बंद केलाय ना आता, म्हणून. माल नाही, काही नाही, उगाच वीज कशाला जाळायची?"

ते चुकीचं बोलत होते असं नाही. हिशेबाच्या वहीतून बघितलं तर रिकामा फ्रीझर चालवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. पण व्यवहार पूर्ण व्हायला पुढे जे सात महिने लागले, त्यातले निदान पाच त्या एका संध्याकाळी दाबलेल्या स्विचमुळे लागले. कोणी, कुठे, कितीला हे मी लिहिणार नाही. इमारतीचं जे झालं तेवढंच सांगतो, कारण जुन्या शीतइमारतीच्या खरेदी-विक्रीत हे पुन्हा पुन्हा घडताना पाहिलं आहे.

इमारत आणि माणसं

इमारत वीसेक वर्षांची, गोठवलेल्या भाज्यांसाठी बांधलेली. एका टोकाला कच्चा माल उतरवायची जागा, मग धुण्या-चिरण्याचा १२ अंशांचा हॉल, वाफवण्याची लाइन, गोठवण्याचा टनेल, पॅकिंग, आणि शेवटी २४ बाय १८ मीटरच्या दोन फ्रीझर खोल्या. शेजारी एक लहान चिलर, म्हणजे न गोठवता थंड ठेवायची खोली, आणि गाड्या लावायचा डॉक. फ्रीझर आणि टनेल अमोनियावर चालणारे, प्लँट रूममध्ये तीन स्क्रू कॉम्प्रेसर. चिलर आणि डॉकसाठी छतावर वेगळी युनिट्स, आर-४०४ए या थंडी करणाऱ्या गॅसची.

विक्रेत्यांनी उत्पादन आपल्या दुसऱ्या, मोठ्या कारखान्यात हलवलं होतं. त्यांच्याकडे आमच्याआधी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली होती. एक गोदामवाले. त्यांना उंच रॅक लावून माल साठवायचा होता. ते हॉलमध्ये शिरले, जमिनीकडे बघितलं आणि परत गेले. प्रक्रिया हॉलची जमीन पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उताराची असते, मीटरला एक-दोन सेंटीमीटर. धुणाऱ्याला तो उतार हवाच असतो, पण रॅकवाल्याच्या तो उपयोगाचा नाही. अशा इमारतीला गिऱ्हाइकं कमी मिळतात ती अशा कारणांनी. दुसरे आले ते मोडीवाले. कॉम्प्रेसर, कॉइल, तांबं आणि केबल यांची किंमत लावून त्यांनी भिंती-छताच्या पॅनेलची, म्हणजे दोन पत्र्यांमधल्या फोमच्या फळ्यांची, किंमत उणे धरली, कारण ओलं फोम पॅनेल म्हणजे विल्हेवाटीचा खर्च.

विक्रेते मोडीवाल्यांवर रागावले होते. मला मात्र तो आकडा उपयोगी वाटला. अशा इमारतीला दोन किमती असतात: चालत्या शीतप्रक्रिया कारखान्याची, आणि ज्यातून आधी बरंच काही उखडून फेकावं लागेल अशा शेडची. खरी किंमत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडते. कुठे पडते, ते थंडी अजून किती शिल्लक आहे यावर ठरतं.

मी खरेदीदारांकडून होतो. कंपनी एक बाई चालवतात, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. त्यांचा धंदा शिजवून तयार पदार्थांचा. बराचसा माल थंड जातो, थोडा गोठवून. त्यांना हॉल हवा होता, चिलर हवा होता आणि फ्रीझर एकच पुरणार होता. तेव्हा कोणाला वाटलं नव्हतं, पण हा एक मुद्दा शेवटी व्यवहार वाचवायला उपयोगी पडला.

बंद केल्यावर काय होतं

आपण फ्रिज बंद करतो, दार उघडं ठेवतो, पुसून काढतो आणि विसरून जातो. फ्रीझर खोलीचं तसं नसतं, कारण ती आतून-बाहेरून एक यंत्र असते आणि भिंती त्या यंत्राचाच भाग असतात.

बाहेर ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर बाहेरच्या हवेतल्या बाष्पाचा दाब सुमारे ३,००० पास्कल असतो. आत उणे २० ला तो शंभराच्या आसपास. म्हणजे बाष्प चोवीस तास, वर्षानुवर्षं बाहेरून आत ढकललं जात असतं. पॅनेलचा बाहेरचा पत्रा आणि सांध्यांतलं सील त्याला अडवतं. जिथे सील तुटलंय, जिथे कोणी केबल घालायला भोक पाडून तसंच सोडलंय, तिथून बाष्प फोममध्ये शिरतं आणि बर्फ होऊन बसतं. कोरड्या पॉलियुरेथेन फोमची उष्णतावाहकता (वॉट प्रति मीटर-केल्व्हिनमध्ये) ०.०२५ च्या आतबाहेर असते, बर्फाची २.२. जवळपास शंभरपट. पण खोली थंड आहे तोवर हा बर्फ जागचा हलत नाही, कोणाला दिसत नाही. फक्त वीजबिल थोडं थोडं वाढत जातं.

खोली एकदम बंद केली की हा सगळा बर्फ वितळतो. दिव्यांच्या भोकांतून पाणी ठिबकतं, सांध्यांवर बुरशी धरते, दारांची गॅस्केट फुगतात, पॅनेलचा पत्रा आणि फोम यांची पकड सुटायला लागते. इथे तेच झालं होतं. हिशेबनीसांना दाराखाली दिसलेलं पाणी दोन महिन्यांपूर्वीच्या जमिनीवरच्या बर्फाचं नव्हतं. तो केव्हाच आटला असता. ते छतातून येत होतं.

आणखी एक तोटा मला जास्त खटकतो, कारण तो दिसत नाही. बंद फ्रीझरची तपासणी करता येत नाही. थर्मल कॅमेऱ्याला आत-बाहेर तापमानाचा फरक लागतो, तो नसेल तर चांगलं पॅनेल आणि ओलं पॅनेल पडद्यावर सारखंच दिसतं. यंत्रणा किती कुलिंग पकडते हे ती चालल्याशिवाय कळत नाही. दारातून हवा किती गळते ते कळत नाही. म्हणजे विक्रेत्यांनी वीज वाचवली आणि आपला माल चांगला आहे हे दाखवायचं साधन घालवलं. खरेदीदार मग सगळं वाईटच आहे असं धरून आकडा लावतो. मीही तसाच लावला असता.

जमीन

पहिल्या फ्रीझरचं सरकतं दार मध्येच अडकत होतं. खाली उंबऱ्याजवळ घासल्याची जुनी, चकचकीत रेघ होती. दाराचं चाक बिघडलंय असं सोबतच्यांचं मत. चाक ठीक होतं. मी खोलीच्या मध्यावर एक बाटली आडवी ठेवली. ती कोपऱ्याकडे गडगडत गेली.

दुसऱ्या दिवशी लेव्हल मशीन आणलं आणि दोन-दोन मीटरच्या चौकटीत मापं घेतली. पहिल्या खोलीत मधला भाग कोपऱ्यांपेक्षा ७४ मिलीमीटर वर. दुसऱ्या खोलीत सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल जागेतला फरक ६ मिलीमीटर. त्याच वर्षी, त्याच हातांनी बांधलेल्या, एका भिंतीने जोडलेल्या या दोन खोल्या.

फ्रीझरच्या जमिनीखाली इन्सुलेशन असतं, तरी थंडी हळूहळू खाली झिरपत राहते. काही वर्षांनी शून्य अंशाची रेषा स्लॅबखालच्या मातीत पोचते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि जमीन त्यामुळे वर येते असं समजलं जातं. ते अर्धंच खरं. मोठं नुकसान करतात ते बर्फाचे थर. गोठणारी माती खालच्या ओल्या मातीतून पाणी केशाकर्षणाने वर ओढत राहते आणि बर्फाची भिंगासारखी चकती जाड होत जाते. वरचा स्लॅब, त्यावरचे रॅक, माल, सगळं ती उचलते. हे होऊ नये म्हणून इन्सुलेशनच्या खाली ऊब देतात. कुठे हवा खेळवणारे पाइप, कुठे विजेची केबल, कुठे कोमट ग्लायकॉलच्या, म्हणजे सहजी न गोठणाऱ्या द्रवाच्या, नळ्या. इथे ग्लायकॉल होतं, कॉम्प्रेसरच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर गरम होणारं.

प्लँट रूमची लॉगबुकं मागवली. सहा वर्षांची मिळाली. अमोनियाचे दाब, तेलाची पातळी, मोटरचे अँपिअर, सगळे आकडे जिवंत होते, दर तासाला थोडे इकडे-तिकडे. एक रकाना तेवढा वेगळा. 'ग्लायकॉल रिटर्न, रूम १'. त्यात १२. दर तासाला १२. लष्करासारखी शिस्त. जवळजवळ पाच वर्षं उन्हाळा-हिवाळा १२.

जुने ऑपरेटर अजून पगारावर होते, सगळे त्यांना काका म्हणत. मी ते पान त्यांच्यापुढे धरलं.

"काका, हा आकडा कुठून येतो?"

त्यांनी चष्मा वर केला. "कुठून यायचा साहेब. गेज फुटलंय. मी सांगितलं होतं. तेव्हाचे मॅनेजर म्हणाले, रकाना मोकळा दिसला की ऑडिटवाला विचारतो, बारा लिहीत जा."

"आणि ग्लायकॉल?"

"रूम एकच्या नळ्यांत गळती होती. टाकी सारखी उतरायची. तेव्हा चावी बंद केली. दोनची चालूच होती, तिला कधी त्रास नव्हता."

मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी वर कळवलं होतं, आणि वरून आलेलं लिहिलं होतं. पण सांगून ठेवतो: जुनी शीतइमारत बघायला गेलात तर कॉम्प्रेसरचा नवा रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी लॉगबुक बघा, आणि त्यात जो आकडा कधीच बदलत नाही तिथे बोट ठेवा.

आता पेच असा. फ्रीझर चालू असता तर तो फुगवटा वाईटच राहिला असता, पण खालची जमीन निदान गोठून घट्ट राहिली असती. बंद केल्यामुळे खालचा बर्फ वितळू लागला होता. तीन आठवड्यांनी पुन्हा लेव्हल घेतली, ७४ चे ६९ झाले होते. जमीन बसत होती. ऐकायला ही चांगली बातमी वाटते, पण वितळलेल्या बर्फाचं पाणी लगेच निघून जात नाही. काही काळ खाली नुसता चिखल असतो आणि त्याच्यात भार पेलायची ताकद नसते. शिवाय कडेचा बर्फ आधी वितळतो, मधला नंतर, म्हणजे स्लॅब सारखा बसत नाही, भेगाळतो. आणि हे चटकन उरकतही नाही. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. थंडी खाली जाऊ नये म्हणून घातलेलं इन्सुलेशन आता वरची ऊबही खाली जाऊ देत नाही. नुसतं दार उघडं ठेवून वाट बघितली तर वर्षाहून जास्त लागेल असा माझा हिशेब आला.

खरं सांगायचं तर फ्रीझर बंद झाला नसता तर मी लेव्हल मशीन आणलं असतं की नाही, शंका आहे. बहुधा आणलं असतं, दाराच्या रेघेमुळे. पण चालू फ्रीझरमध्ये उणे २२ ला, रॅकच्या रांगांमधून, कोपऱ्यातल्या मापाचा कंटाळा येतो.

पुन्हा सुरू करायचं कोणाच्या खर्चाने

ताईंनी विचारलेला प्रश्न साधा होता: "दुसरा फ्रीझर चालेल का? तेवढं सांगा." सांगायला तो चालवून बघायला हवा होता. विक्रेते म्हणाले, विकत घ्या आणि चालवा. आम्ही म्हटलं, चालवून दाखवा मग घेतो. तीन आठवडे यातच गेले. शेवटी ठरलं ते असं: वीज आमची, माणसं आणि तेल त्यांचं, आणि चाचणीत काही मोडलं तर ते आधीच मोडलेलं होतं असं धरायचं. हे तिसरं कलम लिहून घेताना त्यांच्या वकिलांनी खूप वाद घातला. पण त्याच्याशिवाय वीस वर्षांचं यंत्र कोणी परक्याच्या भरवशावर सुरू करू नये.

ओली खोली घाईने थंड करणं म्हणजे संकट ओढवून घेणं. एकतर भिंतीतलं आणि स्लॅबमधलं पाणी बाहेर पडायच्या आतच गोठतं. दुसरं, हवेचा दाब. पूर्ण बंद खोलीत हवा एक अंश थंड झाली की आतला दाब सुमारे ३५० पास्कल उतरतो. ऐकायला क्षुल्लक. आमच्या खोलीचं छत ४३२ चौरस मीटर. बाहेरची हवा त्या छतावर एका अंशामागे १५ टनांच्या भाराने दाबेल. म्हणून भिंतीत प्रेशर रिलीफ पोर्ट असतात, झडपेची लहान खिडकी, गोठू नये म्हणून हीटर लावलेली. दुसऱ्या खोलीतले दोन्ही पोर्ट पाहिले, दोन्हींचे हीटर जळालेले. सुरू करण्याआधी ते बदलले. सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात स्वस्त खर्च, आणि तोच राहून गेला असता तर छत खाली येऊ शकलं असतं.

मग हळूहळू. ३ अंशांपर्यंत आणून पाच दिवस तिथेच ठेवलं, नुसती ओल काढायला. कॉइलच्या ट्रेमधून निघणारं पाणी काका बादलीने मोजत होते. पाचव्या दिवशी बादली जेमतेम ओली झाली तेव्हा पुढे गेलो. शून्य ओलांडताना सगळ्यात सावकाश, त्यानंतर दिवसाला दोन-तीन अंश. एकोणिसाव्या दिवशी उणे २२.

रिकामी खोली थंड होणं म्हणजे काही मोठं नाही, तिच्यात उष्णता आणणारं काही नसतं. म्हणून ९ किलोवॉटचे सहा पंखेवाले हीटर आत लावले आणि मालाचा भार असल्याचं नाटक केलं. ५४ किलोवॉटवर तीन दिवस. दोन कॉम्प्रेसरवर खोलीने उणे २० धरून ठेवलं, तिसरा राखीव. ताई त्या दिवशी आल्या होत्या. काचेतून आत हीटरची लाल तार बघून म्हणाल्या, "फ्रीझरमध्ये शेगडी? आमच्या घरी सांगितलं तर हसतील."

छत

उणे २२ झाल्यावर थर्मल कॅमेरा घेऊन छताच्या वर, पोटमाळ्यात गेलो. बाहेरून बघताना ओलं पॅनेल थंड दिसतं. एक अख्खी रांग निळी होती, सरळ रेषेत, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर बघितलं तर त्याच रांगेवरून केबल ट्रे गेलेला, दिवे बदलताना नव्याने टाकलेला. दर काही मीटरवर भोक, आणि एकाही भोकाला सील नाही.

कॅमेरा संशय दाखवतो, पुरावा कापूनच मिळतो. ५० मिलीमीटर व्यासाच्या होल-सॉने पाच नमुने काढले आणि भोकं लगेच फोमने बुजवून पत्रा ठोकला. १५० मिलीमीटर जाडीचा कोरडा नमुना १२ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. तीन तसे भरले. निळ्या रांगेतले दोन ४१ आणि ३३ ग्रॅम. ४१ म्हणजे फोमच्या आकारमानात जवळपास १० टक्के पाणी, छताच्या दर चौरस मीटरला सुमारे १५ किलो जादा वजन, जे लटकवणाऱ्या सळ्यांच्या हिशेबात कोणी धरलेलं नव्हतं. ती रांग बदलावी लागणार हे नक्की झालं. पण बाकीचं छत कोरडं होतं, आणि हे आता अंदाजाने नाही, तराजूने सांगता येत होतं. विक्रेत्यांना मी हे मुद्दाम दाखवलं. चालू केल्यामुळे त्यांच्या विरुद्ध एक रांग निघाली आणि त्यांच्या बाजूने तीन भिंती आणि बाकीचं छत निघालं.

बाकी थोडक्यात

अमोनियाचे नळ बहुतेक ठीक होते. गुंडाळलेल्या इन्सुलेशनखाली गंजलेली एक सक्शन लाइन, म्हणजे कॉम्प्रेसरकडे गॅस परत नेणारी नळी, अल्ट्रासॉनिक जाडीमापनात सापडली. जिथे डीफ्रॉस्टमुळे, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवताना, पाइप सतत गार-गरम होतो तिथे हा गंज जास्त लागतो. एका व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलमधून, वास येत होता. अमोनिया धोकादायक खराच, ३०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग, हे जिवाला तत्काळ धोक्याचं प्रमाण मानतात. पण तो त्याच्या कितीतरी आधी नाकाला कळतो. गुपचूप गळणाऱ्या गॅसपेक्षा मला तो बरा वाटतो.

छतावरच्या आर-४०४ए युनिट्सना मी किंमत शून्य धरली. या गॅसची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ३,९२२ पट. मॉन्ट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर असे गॅस जगभर टप्प्याटप्प्याने कमी होत आहेत. युनिट आज चालतं, पण उद्या गॅस भरायचा झाला तर काय भाव पडेल याची खात्री कोणी देणार नाही. विक्रेत्यांना हे फार लागलं, कारण ती युनिट्स इमारतीतली सगळ्यात नवी वस्तू होती.

विमा कंपनीने एकच विचारलं: पॅनेलच्या आत काय आहे? पॉलिस्टायरिन असतं तर हप्ता अवाच्या सवा लागला असता, कदाचित विमाच मिळाला नसता. आतला फोम पेटतो, पत्र्यांमुळे आग दिसत नाही आणि पाणी पोचत नाही. फ्रीझरच्या छतातून काढलेले नमुने पॉलियुरेथेनचे निघाले, म्हणजे बरं, पण निर्धास्त नव्हे. तळणाच्या जागेभोवती दगडी लोकरीची पॅनेल घालायची अट पडली.

गटारं मात्र महागात पडली. मूळ आराखड्यात हॉलमधलं सांडपाणी कच्च्या बाजूकडून पॅकिंगच्या बाजूला वाहत होतं. भाज्या शेवटी ग्राहकाच्या घरी शिजणार, म्हणून ते चालून गेलं असेल. ताईंचा पदार्थ तसाच खाल्ला जाणार. लिस्टेरिया मोनोसायटोजेनीस हा जंतू शून्याच्या आसपासही वाढतो आणि गटारं, जमिनीच्या भेगा, पोकळ रोलर यांत ठाण मांडून बसतो. शिजवलेल्या बाजूचं पाणी कच्च्या बाजूकडे जावं, उलट कधीच नाही. म्हणजे हॉलची अर्धी जमीन फोडून उतार उलटा करणं आलं. शीतयंत्रणेशी याचा काही संबंध नाही, तरी पहिल्या खोलीच्या जमिनीखालोखाल सगळ्यात मोठा आकडा हाच होता. इमारत 'अन्नप्रक्रियेची' आहे एवढ्यावर विसंबणाऱ्यांनी आधी विचारावं, कुठल्या अन्नाची.

करार

विक्रेत्यांनी एक मोठा आकडा लिहून आणला होता. आम्ही तो तोडून मांडला: जमीन आणि सांगाडा, दुसरा फ्रीझर व प्रक्रिया हॉल, यंत्रसामग्री, आणि पहिला फ्रीझर. पहिला फ्रीझर आम्ही फ्रीझर म्हणून घेतलाच नाही. ताईंना एकच हवा होता. ती खोली साध्या तापमानाची पॅकिंग साहित्याची कोठी म्हणून धरली आणि किंमतही तेवढीच लावली. तिथे विक्रेते आधी उठून गेले. मी त्यांना अडवलं नाही. आठवड्याने ते परत आले, कारण गोदामवाल्यांना ती खोली त्याही किमतीला नको होती.

गळक्या ग्लायकॉल नळ्यांचं थोडं काम जमलं. दाबाची चाचणी घेतल्यावर आठपैकी तीनच गळक्या निघाल्या. त्या बंद करून पाचांतून कोमट ग्लायकॉल फिरवायला सुरुवात केली. गरम नाही, कोमट. खालचा बर्फ सावकाश आणि सारखा वितळावा एवढंच. इन्सुलेशनच्या खालून ऊब मिळाल्यामुळे वर्षाचा हिशेब बराच आटोक्यात आला.

किमतीचा एक हिस्सा तिऱ्हाइताकडे ठेवला. अट दोन गोष्टींची: दुसऱ्या खोलीची जमीन बारा महिन्यांत ५ मिलीमीटरपेक्षा जास्त हलू नये, आणि पहिल्या खोलीची जमीन बसायची थांबली असं लागोपाठ तीन मापांत दिसावं.

एक कलम मी आता प्रत्येक व्यवहारात घालायला सांगतो. ताबा मिळेपर्यंत चालू खोल्या ठरलेल्या तापमानाला राहतील. वीजबिल कोण भरणार, वीज गेली तर काय, नोंदी कोण ठेवणार, टाकीत अमोनिया किती होता आणि तो कोणाचा, हे सगळं इसाऱ्याच्या दिवशीच लिहायचं. विकणाऱ्याला खोली बंदच करायची असेल तर तीही रीतसर करावी: आधी कॉइल आणि जमीन बर्फमुक्त, मग दिवसाला थोडे थोडे अंश वर, कोरडी हवा खेळती ठेवून, रिलीफ पोर्टचे हीटर चालू, आणि जमिनीखालची ऊब सगळ्यात शेवटपर्यंत चालू. इथे नेमकी उलटी गोष्ट झाली होती. मेन स्विच पाडला, त्याबरोबर दुसऱ्या खोलीचा ग्लायकॉल पंपही गेला. तिची जमीन मुळात गोठलेली नव्हती म्हणून निभावलं.

ताबा सातव्या महिन्यात मिळाला. पहिल्या खोलीची जमीन शेवटच्या मापाला कोपऱ्यांपेक्षा ३१ मिलीमीटर वर आहे आणि अजून बसते आहे. तिऱ्हाइताकडचे पैसे तसेच आहेत. खोलीत पुठ्ठ्याचे खोके पॅलेटवर ठेवले आहेत, एकावर एक दोनच, रॅक नाहीत. काकांना ताईंनी ठेवून घेतलं. ग्लायकॉलला नवं गेज बसवलंय, आणि परवा मी लॉगबुक चाळलं तर त्या रकान्यात ११, १४, १३, ९ असे आकडे होते. नऊच्या पुढे काकांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. पंपाचा फिल्टर तुंबला होता.